पासाव या नावानं ओळखले जाणारे

युडोरा : ...आणि मग तुम्ही थांबायचात. ‘ला प्लेन गावचे अमुक तमुक,’ एवढं झालं की एक श्वास. मी सात वर्षांची असेन. आईचा डाव कोकोच्या पातेल्यात जागच्या जागी. बाबांचा एक हात बाहीत, दुसरा बाहेर. सगळं घर तुमच्या त्या श्वासावर टांगलेलं. मग आवाज खाली उतरायचा, ‘ज्यांना आपण सगळे फलाण्या नावानं ओळखत होतो.’ तेव्हा कुठं आमच्या घराला रडू यायचं.

हिलारियन : किंवा डाव पुन्हा फिरायला लागायचा.

युडोरा : हो, तेही. आमचं कुणी नसलं तर.

हिलारियन : छान बोललीस. आता हे कौतुक योग्य पत्त्यावर नेऊन दे. तुमच्या स्टुडिओत माझा आवाज बसवलाय ना, त्याला सांग. इथं नुसता माणूस उरलाय, दुखऱ्या गुडघ्याला बे-रमचं औषध चोळत बसलेला.

युडोरा : हिलारियनकाका, मी भांडायला नाही आले. आज साडेबाराच्या निधनवार्तांच्या आधी आपल्या रेडिओचा खुलासा जायचाय. तो तुमच्या आवाजात जावा, एवढंच मागायला आले.

हिलारियन : माझ्या आवाजात तर रोजच जातं सगळं. सकाळी सव्वासातला मी इथं दात घासत असतो, आणि शेजारणीच्या खिडकीतून मीच मेलेल्यांची नावं वाचत असतो. परवा मला सर्दी होती. तिकडं मी ठणठणीत. खरं सांगतो, हेवा वाटला.

युडोरा : तुमच्या खऱ्या आवाजात.

हिलारियन : आणि लोकांना कळायचं कसं, खरा कोणता?

युडोरा : मध्येच एकदा खोका. त्याला खोकता येत नाही.

हिलारियन : म्हणजे अडतीस वर्षं जो खोकला दाबायला गालात आल्याचा तुकडा धरून बसलो, तीच आता माझी ओळख. बरं. वाच, काय लिहून आणलंयस.

युडोरा : ‘गोमिए रेडिओवरून गेल्या आठवड्यात प्रसारित झालेल्या एका निधनवार्तेत तांत्रिक बिघाडामुळे किरकोळ त्रुटी राहिली. श्रोत्यांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

हिलारियन : संपलं?

युडोरा : संपलं.

हिलारियन : किती सुबक. कोण मेलं ते नाही, काय चुकलं ते नाही, कुणी चुकवलं ते नाही. आणि गैरसोय कुणाची झाली? मेलेल्याची? त्याला खड्ड्यात उतरताना अडचण आली का?

युडोरा : फाबियनसाहेबांनी मंजूर केलेला मसुदा आहे.

हिलारियन : वाटलंच. व्यवस्थापकांचा हात लागला की वाक्याला घाम येत नाही. त्यांनीच लिहिलं, की त्यांच्या त्या यंत्रानं?

युडोरा : ...यंत्रानं.

हिलारियन : म्हणजे ज्यानं माती खाल्ली त्यानंच माफीनामा लिहिला. स्वावलंबी आहे. आणि साहेब बार्बाडोसला जाऊन आले होते ना, तीन दिवस, समुद्रकाठच्या हॉटेलात? कृत्रिम बुद्धिमत्ता जबाबदारीनं कशी वापरावी ते शिकायला?

युडोरा : प्रमाणपत्र आहे. आणि अकरा पानांचं धोरण आहे. स्वागतकक्षात काचेखाली.

हिलारियन : धोरण कुणी लिहिलं?

युडोरा : काका, नका ना.

हिलारियन : नाही, म्हणजे फार जबाबदारीनं लिहिलं असणार. ये, बस अशी. पाय मोकळे सोड. ब्रेडफ्रूट भाजलाय, खा थोडा. आणि मला शहाण्या बातमीदारासारखं सांग, काय झालं. मसुदा नको, बातमी सांग.

युडोरा : तुम्हाला माहीतच आहे.

हिलारियन : मला माहीत आहे की गेल्या शनिवारपासून ला प्लेनचा कुणी माणूस बाजारात माझ्याकडं बघत नाही. जिच्याकडून वीस वर्षं दाशीनचे कंद घेतोय, ती बाई परवा म्हणाली, म्हातारपणी जीभ जड होते तुमची, नावं खाता. मी नावं खातो. मी. एवढंच माहीत आहे. बाकीचं तू सांग.

युडोरा : ला प्लेनला एक म्हातारे गेले. अलॉयशस कॉन्स्टंटीन बेनवा. त्यांची बहीण, फिलोमेनबाई, स्वतः बसनं राजधानीला, रोझोला आल्या, हातानं लिहिलेला कागद घेऊन. कागदावर सगळं होतं. आणि ठळक, खाली दोन रेघा मारून, ‘पासाव या नावानं ओळखले जाणारे.’

हिलारियन : पासाव.

युडोरा : हो. तो कागद आम्ही यंत्राला दिला. हल्ली सगळेच देतो. ते कापून साठ शब्दांत बसवतं आणि तुमच्या आवाजात वाचतं.

हिलारियन : आणि त्याला आपली क्रेऑल बोली येत नाही.

युडोरा : येते. तीच तर भानगड. येत नसती तर नाव समजून जसंच्या तसं वाचलं असतं. त्यानं अर्थ लावला. ‘पा साव’, म्हणजे ठाऊक नाही. त्याच्या लेखी रकाना असा झाला : ‘ओळखीचं नाव : ठाऊक नाही.’ रिकामा रकाना वाचून काय करायचा? गाळला. नीटनेटकं केलं सगळं. खाडाखोडसुद्धा दिसत नाही.

हिलारियन : आणि उरलं काय?

युडोरा : अलॉयशस कॉन्स्टंटीन बेनवा. सोमवारी वाचलं, मंगळवारी वाचलं, बुधवारी सकाळी वाचलं. बुधवारी दुपारी माती. ज्या माणसाला अख्खा पूर्व किनारा ओळखत होता, त्याच्या मातीला कुणी आलं नाही. कारण बेनवा कोण, ते कुणालाच कळलं नाही.

हिलारियन : गंमत बघ हं. या बेटावर ‘मला ठाऊक नाही’ असं सरळ तोंडानं म्हणणारा एकच माणूस होता. आणि ज्याला ते तीन शब्द जन्मात म्हणता येत नाहीत, नेमकं त्यानंच त्याला पुसलं.

युडोरा : ते नाव पडलं कसं, काका? कागदावर नव्हतं.

हिलारियन : कागदावर कसं असेल. आम्ही बारा वर्षांचे. मळ्यातला केळीचा घड कुणीतरी कापला. पोलीस आला, शाळेच्या अंगणात पोरांची रांग. घड कुणी कापला? पा साव. तू पाहिलंस का? पा साव. हा शेजारचा पोरगा घामानं का भिजलाय? पा साव. शेवटी चिडून पोलिसानं विचारलं, तुझं स्वतःचं नाव तरी काय रे? तर म्हणतो, पा साव. पोलीससुद्धा हसला. निघून गेला. त्या दिवसापासून त्याच्या आईनंही त्याला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

युडोरा : आणि शेजारचा पोरगा घामानं का भिजला होता?

हिलारियन : साठ वर्षांनी संपादकबाई चौकशी लावणार. दमट हवा होती. पुढं बोल. यंत्रानं गाळलं, ते समजलं. पण यंत्र आणि लाउडस्पीकर यांच्या मध्ये एक माणूस असतो, असं त्या काचेखालच्या अकरा पानांत लिहिलंय म्हणे.

युडोरा : तिसरं पान. ‘प्रत्येक मजकूर माणूस तपासेल.’

हिलारियन : वा. कोण माणूस?

युडोरा : चौकट असते. ‘तपासलं’ म्हणून खूण करायची.

हिलारियन : चौकटीबद्दल नाही विचारलं.

युडोरा : सकाळी बावीस वार्ता होत्या, काका. निधनं, हरवलेली गुरं, पाणी बंद. सगळ्यांवर एकदम खूण करता येते. एकच बटण.

हिलारियन : युडोरा. मागच्या महिन्यात तू एका सरकारी कचेरीतल्या साहेबाला रेडिओवर धरलंस. अर्ज यंत्र चाळतं आणि कुणी बघत नाही, हे तूच खणून काढलं होतंस. तो म्हणाला, ‘यंत्रानं केलं.’ तू काय म्हणालीस? मी इथं बसून ऐकलं. मांडीवर थाप मारली होती मी.

युडोरा : ‘यंत्रानं केलं हे उत्तर नाही. यंत्राला तिथं बसवून कोण उठून गेलं, ते सांगा.’

हिलारियन : मग? कोण उठून गेलं?

युडोरा : मी. खूण मी केली. त्या बावीसमधली एकही वाचली नव्हती. त्या वेळी मी त्या साहेबाच्या मुलाखतीचा दुसरा भाग कापत होते.

हिलारियन : हे खरं मासळीसारखं ताजं आहे. हे घाल खुलाशात.

युडोरा : घातलं तर फाबियनसाहेब मला घरी पाठवतील. सगळ्या बेटाला जाब विचारत फिरणारी बाई स्वतः न बघता सही करते. उद्या कोण मला मुलाखत देईल?

हिलारियन : आणि नाही घातलं तर कुणाची मुलाखत घ्यायला तुझी जीभ वळेल? खा तो ब्रेडफ्रूट. गार झाला की दगड होतो.

युडोरा : तुम्ही मात्र मजेत आहात, काका.

हिलारियन : मी? मी तर सध्या दोन ठिकाणी नोकरीला आहे. एका ठिकाणी नावं खातो आणि दुसऱ्या ठिकाणी शिव्या.

युडोरा : तो आवाज वापरायच्या कागदावर तुम्हीच सही केलीत.

हिलारियन : निरोपाच्या दिवशी. केक कापत होतो. फाबियननं एका हातानं बशी पुढं केली, दुसऱ्यानं कागद. म्हणाला, काका, तुमचा आवाज आम्ही जपून ठेवू. मला वाटलं, लोणच्यासारखा, कपाटात. तो रोज पानात वाढतील, असं कोण म्हणालं होतं? आणि वाढताना सांगू तरी नये का लोकांना, की बाबांनो, हा म्हातारा नाही, त्याची पडछाया आहे?

युडोरा : मी मागं म्हटलं होतं तसं सांगू या म्हणून. साहेब म्हणाले, मेलेल्यांच्या वेळी लोकांना ओळखीचा आवाज लागतो, उगाच घोळ नको.

हिलारियन : बघ. घोळ झाला नाही. शांतपणे पुरलं एकाला.

युडोरा : मी पुन्हा लिहिते. पण आधी फिलोमेनबाईंकडून खात्री करून घ्यायची आहे. किती लोक होते, प्रार्थना कधी आहे. ऐकीव नको.

हिलारियन : आता? इथून?

युडोरा : साडेअकरा वाजलेत. रोझोला परत जायला वीस मिनिटं. आत्ताच करायला हवं.

हिलारियन : तू कर मग. मी आत जातो, गुडघा...

युडोरा : बसा ना. त्यांना ऐकायला कमी येतं. तुमचा आवाज पोचेल.

(युडोरा फोन लावून दोघांच्या मध्ये, व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवते.)

फिलोमेन : कोण?

युडोरा : फिलोमेनबाई, मी गोमिए रेडिओची युडोरा. परवा बोललो आपण. तुमच्या भावाबद्दल थोडं विचारायचं होतं. माती झाली तेव्हा किती जण होते?

फिलोमेन : सहा. फादर धरून सात. पेटीला चार खांदे लागतात बाई, तीनच होते. बसचा ड्रायव्हर उतरला चौथा म्हणून. बसमधली माणसं थांबली बिचारी, कुणी हॉर्न नाही वाजवला.

युडोरा : आणि नंतर?

फिलोमेन : नंतर काय. शुक्रवारी तेलाच्या भट्टीवरचा जोसेफ भेटला. बे-पानांची मोळी डोक्यावर. मला म्हणतो कसा, मा फिलो, पासाव दिसला नाही आठवडाभर, बरा आहे ना? काय सांगू मी त्याला? रस्त्यात उभं राहून सांगितलं. मोळी टाकून खाली बसला. मलाच धीर द्यावा लागला त्याला.

युडोरा : नवव्या दिवसाची प्रार्थना उद्याच ना?

फिलोमेन : उद्या, चार वाजता. घरासमोर. बाकं मांडलीयत. किती मांडू, कळंना. बाई, मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. खाली रेघ मारली होती, दोनदा. हिलारियनला दिसलं नसंल का?

युडोरा : काका इथंच आहेत.

फिलोमेन : कोण, हिलारियन? ए हिलारियन.

हिलारियन : हां, फिलो.

फिलोमेन : तू नाव का नाही वाचलंस रे?

हिलारियन : फिलो, तो मी नव्हतो.

फिलोमेन : आवाज तुझा होता.

हिलारियन : आवाज माझा होता. मी नव्हतो. माझ्या जुन्या टेपांवरून यंत्रानं शिकून घेतलाय. मी वर्ष झालं घरी आहे.

फिलोमेन : हे काय बोलतोयस? वर्षभर आम्ही तुझं ऐकतोय.

हिलारियन : माझं नाही.

फिलोमेन : मग कुणी सांगितलं का नाही आम्हाला?

युडोरा : सांगायला हवं होतं, फिलोमेनबाई. आज सांगणार आहोत.

फिलोमेन : मी गावात तुझं नाव घेऊन रडले रे. म्हणलं, आपला हिलारियन, ला प्लेनच्याच मातीतला, आणि माझ्या भावाचं नाव गिळलं यानं. पाप लागलं मला.

हिलारियन : नाही लागलं.

फिलोमेन : राग सोडला मी. तुला ठाऊक असतं तर तू रांगत आला असतास, गुडघा-बिडघा काही नसतं. इतकं मला कळतं. शाळेपासून तो तुझ्याच मागं-पुढं. उद्या ये जमलं तर. मी दाशीनचा रस्सा करते.

हिलारियन : बरं.

फिलोमेन : काय झालं? आवाज बसला का?

हिलारियन : सर्दी आहे. ठेवतो, फिलो.

युडोरा : ...काका, पाणी देऊ?

हिलारियन : नको. लिही. काय लिहितेस ते वाचत जा.

युडोरा : ‘गोमिए रेडिओनं गेल्या सोमवार ते बुधवार एक निधनवार्ता चुकीची दिली. ला प्लेनचे अलॉयशस कॉन्स्टंटीन बेनवा यांना सगळे पासाव या नावानं ओळखत. ते नाव आम्ही गाळलं.’

हिलारियन : आम्ही गाळलं. छान. पुढं.

युडोरा : ‘मजकूर यंत्रानं छाटला होता. तुम्ही वर्षभर ऐकत आलात तो आवाज हिलारियन यांचा नाही. तोही यंत्राचा आहे. हे आम्ही तुम्हाला सांगितलं नव्हतं. छाटलेला मजकूर तपासणं हे माझं, वृत्तसंपादक युडोरा लारोंद हिचं काम होतं. मी तो न वाचता तपासल्याची खूण केली.’

हिलारियन : फाबियन मरेल.

युडोरा : त्यांची वार्ता मी स्वतः वाचेन.

हिलारियन : आता मूळ वार्ता. साठ शब्द मोजू नकोस. फिलोचा कागद आहे ना? आण इकडं. चष्मा... हां. ‘मा ओक्ताव्हीच्या पोटचा, सहा बहिणींच्या पाठीवरचा एकटा भाऊ. एक बहीण ग्वादलूपला, दोन सेंट थॉमसला, दोन मातीआड, एक फिलोमेन दाराशी उभी. बे-पानांच्या भट्टीवर चाळीस वर्षं विस्तव राखणारा. लग्न नाही, लेकरू नाही, गावची सगळी लेकरं खांद्यावर. पासाव या नावानं ओळखले जाणारे.’ एवढं लिहिलं होतं बाईनं. यातलं काय गाळावंसं वाटलं त्याला?

युडोरा : तुम्ही वाचलंत की कागद गातो, काका.

हिलारियन : तिनंच गात लिहिलाय. पुढं?

युडोरा : ‘प्रार्थना उद्या चार वाजता, त्यांच्या घरासमोर.’ आणि शेवटी एक वाक्य. ला प्लेनच्या लोकांसाठी. जोसेफ मोळी टाकून बसला, तसे बरेच जण बसतील हे ऐकून. ते स्वतःला दोष देतील. म्हणून : ‘आम्ही दिलेल्या वार्तेवरून हे पासाव आहेत, हे कुणाही ऐकणाऱ्याला कळणं शक्य नव्हतं.’ झालं. चला, गाडी काढते.

हिलारियन : शेवटचं वाक्य काढ.

युडोरा : का? तेच तर सगळ्यात मायेचं आहे.

हिलारियन : लांबलंय.

युडोरा : एवढीशी ओळ आहे. आणि मघाशी तुम्हीच म्हणालात, शब्द मोजू नकोस.

हिलारियन : खरं नाही ते, म्हणून काढ.

युडोरा : फिलोमेनबाई म्हणाल्या, गावात कुणालाच कळलं नाही. मी दोनदा विचारलंय. कुणाला कळलं होतं?

हिलारियन : शाळेत हजेरी घ्यायचे, तेव्हा अलॉयशस कॉन्स्टंटीन बेनवा झाल्यावर माझं नाव यायचं.

युडोरा : काका?

हिलारियन : सोमवारी सव्वासात. कॉन्स्टंटीन म्हणेपर्यंत माझ्या हातातून ब्रश पडला होता. पुढं ते नाव येईल म्हणून थांबलो. आलं नाही. पुढची वार्ता सुरू झाली.

युडोरा : मग मला फोन...

हिलारियन : फोन मांडीवर होता. तुझा नंबर मला पाठ आहे. म्हटलं, चुकू दे त्याला. एकदा नीट चुकू दे, सगळ्या बेटासमोर, म्हणजे येतील मला न्यायला. मंगळवारीही वाचलं त्यानं. बुधवारीही. मी तिन्ही दिवस इथंच बसून होतो, आणि गुडघा काही दुखत नव्हता.

(युडोरा शेवटची ओळ खोडते.)

हिलारियन : लिही, ‘एका ऐकणाऱ्याला कळलं होतं, आणि तो गप्प बसला.’ त्याचं नाव लिहू नकोस. तेवढं मी वाचताना सांगेन.